तारीख न पडलेलं कलम

रस्ता अरुंद झाला, तेवढ्यावरून ओळखा. जळगावहून भुसावळकडे जाणारा चौपदरी महामार्ग एका डांबरी पट्टीवर आलाय, सिमेंटचा कारखाना गायब आहे, आणि नशिराबादच्या फाट्यावर मोटारींपेक्षा बैलगाड्या जास्त आहेत. तारीख २६ जून १९७५, वार गुरुवार. आर्द्रा लागलंय. कुणी कापसाची धूळपेरणी उरकून बसलाय, कुणी अजून आभाळाकडे बघतोय. सकाळी आठ वाजता पंतप्रधान इंदिरा गांधी रेडिओवर बोलल्या: राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरून जाण्याचं कारण नाही.

पारावरच्या मंडळींना ते पटतंही. आणीबाणी त्यांना नवी नाही. चीनच्या युद्धात १९६२ साली एक लागली होती. बांगलादेशच्या युद्धातली तर १९७१ पासून उठलेलीच नाही. तिच्यावर आणखी एक, एवढंच. तंबाखू मळता मळता कुणीतरी म्हणतो, ‘आपल्या कापसाले भाव भेटला म्हंजे झालं.’

या गावात तुम्हाला एक घर दिलंय. ते कुठलंही असू शकतं, म्हणून त्याला नाव देत नाही. घरात नाना आहेत, शाळेत शिकवतात, साने गुरुजींच्या प्रभावात राष्ट्र सेवा दलात वाढलेले. नानी आहेत. आणि नानांच्या धाकट्या भावाचं लेकरू म्हणून तुम्ही आहात, जळगावच्या कॉलेजात शिकणारे. प्रवासाची अट एकच. पुढच्या पन्नास वर्षांत काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे, पण सांगता येणार नाही.

जीप कोणत्या रात्री येते ते ठरवत नाही. ज्या घरांतून माणसं गेली त्यांच्या रात्री वेगवेगळ्या होत्या. आलेला हवालदार ओळखीचा आहे, त्याचा मुलगा नानांच्या वर्गात बसतो. ‘गुरुजी, कपडे घ्या दोन.’ हातात एक कागद. जिल्हादंडाधिकाऱ्यांची सही, अंतर्गत सुरक्षा कायदा १९७१, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मिसा’, कलम तीन. सार्वजनिक सुव्यवस्थेला बाध येईल असं वागण्यापासून या इसमाला रोखणं जरूर आहे, म्हणून स्थानबद्ध. नानी कागद उलटा करून बघतात. मागची बाजू कोरी.

‘काहून नेता त्याहीले? काय केलं त्याहीनं?’

‘वहिनी, ते आम्हालाबी सांगत नाहीत.’

हवालदार खरं बोलतोय. मूळ मिसात निदान एवढं होतं की माणूस उचलल्यावर साधारण पाच दिवसांत त्याला कारणं लेखी द्यायची आणि प्रकरण सल्लागार मंडळापुढे न्यायचं. २९ जूनच्या वटहुकमाने त्यात कलम १६-अ घुसवलं. आणीबाणी निभावण्यासाठी ही स्थानबद्धता आवश्यक आहे असं अधिकाऱ्याने लिहिलं की कारणं द्यायची गरज नाही, मंडळाची गरज नाही. राज्य सरकारने पंधरा दिवसांत मान्यता द्यायची आणि दर चार महिन्यांनी आपलंच आपण पुन्हा तपासायचं. अटक करणारे तेच, तपासणारे तेच. आणि त्याच्या दोन दिवस आधी, २७ जूनला, राष्ट्रपतींच्या आदेशाने घटनेतल्या कलम १४, २१ आणि २२ साठी कोर्टात जाण्याचा हक्कच थांबवला होता. समानता, जीवित आणि स्वातंत्र्य, अटकेतल्या माणसाचं संरक्षण. हक्क पुस्तकात राहिले, ते मागायला जायची वाट बंद झाली.

नानांना नाशिकरोडला ठेवलंय असं आठवड्याने कळतं. भुसावळ-मुंबई लाइनीवरचंच स्टेशन, मध्यवर्ती कारागृह तिथून जवळ. भेट मोजकी, पत्र तपासून. बराकीत नानांच्या एका बाजूला संघाचा किराणा दुकानदार, दुसऱ्या बाजूला मार्क्सवादी कामगार कार्यकर्ता. बाहेर एकमेकांच्या सभा उधळणारे हे तिघे आत एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घेतात, आणि त्या पानांतही सेन्सॉरने ठेवलंय तेवढंच. खानदेशात तुरुंगाची एक वेगळी आठवण आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. नाना मुलांना हे अभिमानाने सांगत असत. आता आणीबाणीला ‘अनुशासन पर्व’ हे शब्द विनोबांकडूनच मिळालेत आणि सरकारने ते भिंतीभिंतीवर रंगवलेत. विनोबांचा अर्थ वेगळा होता असं पुढे त्यांच्याकडून स्पष्ट झालं, पण भिंतीवर खुलासा रंगवत नाहीत.

नानी एक दिवस ठरवतात. दोन भाकरी, ठेचा, कागद घडी करून पिशवीत, आणि तुम्हाला सोबत घेऊन रात्रीची गाडी. जळगाव तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबईतल्या मुख्य पीठाखाली येतं. औरंगाबाद खंडपीठाला अजून सहा वर्षं अवकाश आहे. बोरीबंदरला उतरून तुम्ही फोर्टात चालत जाता. दगडी जिने, उंच कमानी, आणि जिथे तिथे काळे कोट.

वकील नानींना खुर्ची देतात. ते सांगतात, हेबिअस कॉर्पसचा अर्ज म्हणजे एवढंच: माणूस आमच्यासमोर आणा आणि कुठल्या कायद्याने धरला ते दाखवा. तो गुन्हेगार आहे की नाही हा प्रश्नच इथे नाही. सही योग्य अधिकाऱ्याची आहे का, नाव बरोबर आहे का, खुन्नस काढायला तर धरला नाही ना, एवढं कोर्ट विचारणार.

मग ते एक जुनी गोष्ट सांगतात, आणि ती या सगळ्या प्रवासात मला सर्वांत आवडणारी आहे. १९६२ ची आणीबाणी चालू असताना प्रभाकर पांडुरंग संझगिरी नावाचे गृहस्थ भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे बसून त्यांनी मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, ‘अणूच्या अंतरंगात’. छापायला बाहेर पाठवू द्या म्हणाले. महाराष्ट्र सरकार नाही म्हणालं. पुस्तक अणूच्या आत काय असतं याचं. देशाच्या सुरक्षेला त्यातून काय धोका होता ते सरकारलाच ठाऊक. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ मध्ये संझगिरी जिंकले. नियमांत जे बंधन लिहिलेलं नाही ते अधिकाऱ्याच्या मर्जीने लादता येणार नाही, असं कोर्टाने सांगितलं.

नानींचा चेहरा उजळतो. वकील हात वर करतात. तेव्हाच्या राष्ट्रपतींच्या आदेशात अट होती: या या नियमांखाली धरलेला माणूस कोर्टात जाऊ शकत नाही. म्हणजे नियम मोडून धरला असेल तर दार उघडं होतं. १९७५ च्या आदेशात ती अटच नाही. दार कसं उघडायचं यावरच देशभर भांडण चालू आहे. ‘आणि बाई, आमचंच बघा. नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य या विषयावर वकिलांनी बंद सभागृहात बैठक घ्यायची ठरवली, या कोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती छागला बोलणार होते. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. कायद्यावर बोलायला वकिलांना आता कोर्टातच जावं लागतंय.’ ते भांडण उच्च न्यायालयाने पुढे वकिलांच्या बाजूने निकालात काढलं. त्या काळात मुंबईच्या न्यायाधीशांनी दाखवलेला कणा हा आपल्याकडे व्हावा तितका कौतुकाचा विषय झालेला नाही, हे जाता जाता.

अर्ज दाखल होतो. डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन भरतं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, इंदिराजींच्या मंत्रिमंडळातले. अध्यक्ष दुर्गा भागवत. मुंबईत जसलोक रुग्णालयात असलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करू या, असं दुर्गाबाई सांगतात आणि मंडप उभा राहतो. पुढच्या वर्षी दुर्गाबाईही आत जातात. त्याच डिसेंबरात दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपुढे तुमचा प्रश्न पोचलेला आहे. तुमचा म्हणजे जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यांनी धरलेल्या शिवकांत शुक्ल यांचा आणि त्यांच्यासारख्या अनेकांचा. नागपूर खंडपीठासकट नऊ उच्च न्यायालयांनी निकाल देऊन ठेवलेत की अर्ज ऐकता येतो. सरकार त्याविरुद्ध अपिलात.

तिथे शेवटच्या बाकावर बसा. न्यायमूर्ती हंसराज खन्ना ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारतात: समजा एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीवच घेतला, तर या आणीबाणीत त्यावर काही दाद आहे का? डे सांगतात की त्यांचा युक्तिवाद मान्य केला तर आणीबाणी आहे तोवर दाद नाही. बाकीचे चार न्यायाधीश काही बोलत नाहीत. तुमच्या हाताशी भविष्य आहे आणि तुम्ही ओरडू शकत नाही.

२८ एप्रिल १९७६, बुधवार. नशिराबादेत दुपारी चिटपाखरू बाहेर नाही. निकाल चार विरुद्ध एक. सरन्यायाधीश अजितनाथ रे, मिर्झा हमीदुल्ला बेग, पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड आणि पी. एन. भगवती म्हणाले, आदेश लागू आहे तोवर कुणालाही असा अर्ज करता येणार नाही. एकटे खन्ना विरोधात. दुसऱ्या दिवशी नानी विचारतात, ‘मंग आता सुटका कव्हा? तारीख सांग ना रे.’ तुम्हाला तारीख माहीत आहे. मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडा.

महाराष्ट्रात मिसाखाली धरलेल्यांची संख्या पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने ५,४७३ अशी दिली, देशात ३४,९८८. खन्नांना डावलून जानेवारी १९७७ मध्ये बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

आता वेगाने पुढे चला, कारण हा भाग सगळ्यांना पाठ आहे. १८ जानेवारी १९७७ ला निवडणूक जाहीर, माणसं सुटायला लागतात, नाना बारीक होऊन घरी येतात. पु. ल. देशपांडे सभा घेत फिरतात. मार्चमध्ये मतदान. महाराष्ट्रात काँग्रेस २०, जनता १९, बाकी शेकाप, मार्क्सवादी आणि रिपब्लिकन. जळगावातून जनता पक्षाचे यशवंत बोरोले, एरंडोलमधून सोनुसिंग धनसिंग पाटील. पलीकडे धुळे आणि नंदुरबार काँग्रेसकडेच. म्हणजे एकाच खानदेशाने दोन उत्तरं दिली, आणि आणीबाणीवर सगळा देश एकमुखाने उठला वगैरे म्हणणाऱ्यांनी तो नकाशा एकदा बघावा. सोनुसिंग पाटील मोरारजी देसाईंच्या सरकारात गृहखात्याचे राज्यमंत्री झाले. मिसा रद्द करायची फाइल ज्या खात्यात, त्या खात्यात आपला माणूस. पारावर पेढे.

इथे थांबा. डिसेंबर १९७७ ची रात्र, गावाबाहेरचं शेत. पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली जाताहेत, एक जण लसूण-मिरची कांडतोय, कळण्याच्या भाकरी घरून आल्यात. भरताची पंगत बसायला वेळ आहे आणि वाद पेटलाय. दिल्लीहून बातमी आलीय की जनता सरकार मिसा रद्द करणार, पण त्याऐवजी नेहमीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच बिनखटल्याच्या स्थानबद्धतेची तरतूद करणारं विधेयक गृहमंत्री चरणसिंगांच्या खात्याने आणलंय. आणीबाणी नसतानाही चालेल असा, कायमच्या कायद्यातला मिसा.

कापसाचा व्यापारी म्हणतो, ‘मिसा होती म्हणून हाजी मस्तानसारखे तस्कर आत गेले. कोर्टात त्याहीच्याविरुद्ध साक्ष कोन देनार होतं?’ मुद्दा पोकळ नाही. साक्षीदार घाबरतो, खटला दहा वर्षं चालतो, तोवर तस्कर धंदा करतो. हा प्रश्न तेव्हा होता, आजही आहे.

दुसरा म्हणतो, ‘१९७० च्या मे महिन्यात जळगावात दंगल झाली तव्हा आधीच गुंड उचलले असते तर?’ यावर जाळापलीकडचे मणियार चाचा हसतात. ‘उचलतातच की. पण यादी कोण करतो? शांतता बिघडायची भीती दिसली की यादीत पहिली नावं कोणाची येतात ते माझ्या मोहल्ल्यात विचारा.’ थोडा वेळ नुसत्या पऱ्हाट्या तडतडतात.

काँग्रेसचा एक जुना कार्यकर्ता, जो नाना आत असताना नानींना रेशनच्या रांगेत पुढे जागा देत असे, शांतपणे विचारतो: ‘तुम्ही आत होता म्हणून मिसा वाईट. आता तुमचं सरकार, तर तीच गोष्ट दुसऱ्या नावाने चांगली?’

नानांना उत्तर देता येत नाही. आणि इथे मला नाना सगळ्यात जास्त आवडतात, कारण ते ओढूनताणून उत्तर देत नाहीत. ते म्हणतात, ‘चूक आहे. मी पत्र लिहिणार.’ देशभर अनेकांनी लिहिलं, जनता पक्षातल्या खासदारांनीही विरोध केला. सरकारला ते विधेयक मागे घ्यावं लागलं. जनमताच्या रेट्याने मागे गेलेलं एवढं महत्त्वाचं विधेयक आपण विसरलोय, कारण त्यात खलनायक सापडत नाही. ज्यांनी तुरुंग भोगला तेच नवा तुरुंग बांधत होते, ही गोष्ट कुणाच्याच गौरवग्रंथात बसत नाही.

तुम्ही विचारता, आणि हा प्रश्न विचारायला अट आड येत नाही कारण उत्तर मागचं आहे: मुळात अशी सोय घटनेत आलीच कशी? नाना सांगतात. इंग्रजांकडे मुंबई इलाख्याचा १८२७ चा २५ वा रेग्युलेशन होता. त्याखाली १९३० मध्ये गांधीजींना खटला न चालवता येरवड्यात ठेवलं होतं. पुढे १५ सप्टेंबर १९४९ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी आज ज्याला कलम २२ म्हणतो ते मांडलं. बिनखटल्याची स्थानबद्धता पूर्ण वगळायला सभागृह तयार नव्हतं, म्हणून निदान तिला कुंपण घालू या, अशी ती भूमिका. कारणं सांगा, तीन महिन्यांपुढे ठेवायचं तर सल्लागार मंडळाला विचारा. शांततेच्या काळातही माणसाला खटल्याविना कोंडण्याची सोय घटनेतच ठेवणारे देश फार थोडे, त्यात आपण. वांगी सोलता सोलता हे ऐकणाऱ्या मंडळींना धक्का बसतो. आपल्याला वाटत होतं की इंदिराबाईंनी दार तोडलं. दाराला फट आधीपासून होती.

‘मंग ते कुंपनच पक्कं करा ना,’ नानी म्हणतात. त्या भाकरी वाढतायत. ‘मले कायदा कळत नाही. पन ज्यानं धरलं त्यानंच चूक-बरोबर ठरवायचं, हे घरातबी चालत नाही.’

गंमत म्हणजे दिल्लीतही नेमकं तेच चाललंय. कायदामंत्री शांतिभूषण, जे स्वतः सर्वोच्च न्यायालयात स्थानबद्धांच्या बाजूने उभे राहिले होते, आता ४४ वी घटनादुरुस्ती लिहितायत. नानींच्या बोलण्याचं त्यांनी कायद्यात केलेलं रूप असं. ‘अंतर्गत अशांतता’ या कारणाने आणीबाणी लावता येणार नाही, ‘सशस्त्र बंड’ हवं. आणीबाणी असली तरी कलम २० आणि २१ साठी कोर्टाचं दार बंद करता येणार नाही. म्हणजे २८ एप्रिल १९७६ चा निकाल पुन्हा देताच येऊ नये. आणि दुरुस्तीच्या कलम तीनने कलम २२ मध्ये बदल: तीनऐवजी दोनच महिने, आणि सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने, अध्यक्ष सेवेतला न्यायाधीश, बाकीचेही आजी किंवा माजी न्यायाधीश. सरकारने आपल्या पसंतीचा, न्यायाधीश होण्यास नुसता पात्र असलेला वकील आणून बसवायचा नाही.

राज्यसभेत जनता पक्षाचं बहुमत नाही, म्हणून काँग्रेसच्या मतांशिवाय दुरुस्ती होणार नाही. काही कलमं गळतात, पण ही टिकतात. डिसेंबर १९७८ मध्ये संसद ती पूर्ण मंजूर करते, ३० एप्रिल १९७९ ला राष्ट्रपतींची सही होते. मिसाही १९७८ मध्येच रद्द झालेला असतो. नाना पेढे आणतात. नानी विचारतात, ‘कव्हापासून लागू?’

दुरुस्तीत लिहिलंय: केंद्र सरकार अधिसूचनेने नेमील त्या तारखेपासून, वेगवेगळ्या कलमांना वेगवेगळी तारीख असू शकेल. २० जून १९७९ ला बरीच कलमं लागू होतात. आणीबाणीचं, कलम २१ चं. कलम तीन मात्र राहतं. पुढच्या महिन्यात मोरारजींचं सरकार कोसळतं. ऑक्टोबरात काळजीवाहू पंतप्रधान चरणसिंग काळाबाजारवाल्यांसाठी बिनखटल्याच्या स्थानबद्धतेचा वटहुकूम काढतात. १९८० मध्ये इंदिराजी परत येतात आणि सप्टेंबरात राष्ट्रीय सुरक्षा वटहुकूम येतो, जो पुढे कायदा होतो. दोन्ही बाजूंना ती सोय हवीच होती. कुणी आधी काढली एवढाच फरक.

नाना कात्रणं कापून वहीत चिकटवत राहतात. त्यातलं एक २८ डिसेंबर १९८१ च्या निकालाचं. त्या राष्ट्रीय सुरक्षा वटहुकमाखाली धरलेल्या ए. के. रॉय यांच्या प्रकरणात मागणी होती की सरकारला कलम तीन लागू करायला सांगा, संसदेने मंजूर केलंय ना. पाच न्यायाधीश. सरन्यायाधीश चंद्रचूड, तेच. भगवती, तेच. बहुमत म्हणालं, तारीख ठरवणं संसदेने सरकारवर सोपवलंय, आम्ही हुकूम देऊ शकत नाही. न्यायमूर्ती गुप्ता आणि आपले न्यायमूर्ती तुळजापूरकर म्हणाले, देता येतो, द्यायला हवा. पुन्हा अल्पमत.

नाना त्या कात्रणाखाली काही लिहीत नाहीत. तुम्ही त्यांना सांगू शकत नाही की भगवती २०११ मध्ये १९७६ ची चूक उघड मान्य करतील, आणि २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालय जबलपूरचा निकाल पुसून टाकेल, त्यातला मुख्य निकाल चंद्रचूडांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूडांनी लिहिलेला असेल. सांगता आलं असतं तरी नानांनी पुढचा प्रश्न विचारला असता. आणि कलम तीनचं काय?

रस्ता पुन्हा रुंद होतो. मिसाबंदींना महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये मानधन सुरू केलं, महिन्याहून जास्त कोंडलेल्यांना दरमहा १०,००० रुपये. २०२० मध्ये सरकार बदललं, मानधन बंद. २०२२ मध्ये पुन्हा बदललं, पुन्हा सुरू. २०२५ मध्ये दुप्पट. मधल्या काळात २५ जूनला ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून राजपत्रात नाव मिळालं. त्या राजपत्रात अधिसूचना छापायला किती जागा लागते हे बघून मला नेहमी कलम तीन आठवतं. त्याला एक ओळ पुरली असती. १९७९ नंतर दिल्लीत जवळपास सगळ्या रंगांची सरकारं आली. कुणालाही ती ओळ छापावीशी वाटली नाही.

जळगावच्या न्यायालयाच्या आवारात शिरा. तिथल्या एका टेबलावर संविधानाची प्रत आहे. कलम २२ चं पान काढा. खाली बारीक टाइपात तळटीप: ४४ व्या दुरुस्तीचं कलम तीन अंमलात आल्यावर हे खंड असे वाचले जातील. नानींनी मागितलेलं कुंपण तिथे, पानाच्या तळाशी, पूर्ण मजकुरासह छापलेलं आहे.

त्याच टेबलाशी गिरणाकाठच्या गावातली एक बाई बसलीय. मुलाला एमपीडीएखाली स्थानबद्ध केलंय. १९८१ चा महाराष्ट्राचाच कायदा, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी सुरू झालेला, पुढे त्यात वाळू तस्करही आले. जिल्ह्याच्या पानावर आठवड्याआड बातमी असते, अमुक स्थानबद्ध, तमुक कारागृहात रवानगी, आणि वाचणारा मनात म्हणतो बरं झालं. कित्येकदा बरंही झालेलं असतं. वाळूवाल्यांनी तलाठ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घातल्याच्या बातम्या याच पानावर येतात.

नानींपेक्षा या बाईकडे जास्त आहे, हे मान्य करायला हवं. तिच्या पिशवीत कारणांचा जाड गठ्ठा आहे, कारण पाच दिवसांत कारणं द्यावीच लागतात. तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे, सात आठवड्यांत मंडळाचा अहवाल. म्हणजे दोन महिन्यांच्या मर्यादेचा तंटा एमपीडीएपुरता तरी जवळपास मिटलेला आहे. उरलाय तो नानींचाच मुद्दा. मंडळावर कोण बसतं, आणि त्यांना कोण नेमतं. शिवाय मंडळापुढे मुलाच्या बाजूने वकील उभा करण्याचा हक्क नाही, तोही १९८१ च्या ए. के. रॉय निकालानेच नाकारलेला. उच्च न्यायालयाचं दार मात्र उघडं आहे. औरंगाबाद खंडपीठ असे आदेश रद्दही करतं, कधी कागद उशिरा दिले म्हणून, कधी माणसाला वाचता येईल अशा भाषेत दिले नाहीत म्हणून, कधी साध्या गुन्ह्याला सार्वजनिक सुव्यवस्थेचा प्रश्न म्हटलं म्हणून.

‘साहेब, पोरगा साधा नाही, मले ठाऊक आहे,’ बाई म्हणते. ‘पन गुन्हा केला असंल तर खटला भरा ना. वरिसभर असंच ठेवायचं का?’

वकील गठ्ठा सोडतो, चष्मा वर करतो आणि पहिलं पान बोटाखाली धरतो. ‘मावशी, हा आदेश कोणत्या तारखेचा आहे, आणि तुमच्या मुलाच्या हातात कोणत्या तारखेला पडला?’